पवनारचे ते आठ दिवस

1982 सालची दिवाळी आमच्या घरी नीट झालीच नाही. आकाशकंदील लावला होता, आईने अनारसेही केले होते. पण अण्णा रेडिओजवळून उठायला तयार नव्हते. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. औंढा नागनाथ त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा व्हायला 1999 साल उजाडावे लागले. गावात वर्तमानपत्र एस.टी.ने दुपारनंतर येई. त्यामुळे पवनारच्या आश्रमात काय चालले आहे हे कळायला आकाशवाणीच्या बातम्या हाच आधार होता. विनोबांनी अन्न सोडले होते, पाणी सोडले होते, औषधही सोडले होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, 15 नोव्हेंबरला सकाळी ते गेले. अण्णांनी रेडिओ बंद केला, आंघोळ केली आणि चरखा घेऊन बसले. रडले नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे समाधान होते, आणि मला त्याचा राग आला होता.

माझा प्रश्न साधा होता. डॉक्टर उशाशी असताना, औषध हाताशी असताना, माणसाने ते नाकारून मरायचे, याला काय म्हणायचे? आमच्या शेजारच्या वाडीत त्याच वर्षी एका बाईने विहीर जवळ केली होती आणि पोलीस पंचनामा करून गेले होते. ती वाचली असती तर तिच्यावर खटला झाला असता, असे गावात बोलत होते. मग विनोबांना वेगळा कायदा कसा? अण्णांनी तेव्हा उत्तर दिले नाही. सदतीस वर्षांनी, स्वतःच्या खाटेवरून, त्यांनी मला ते शोधायला लावले. त्या शोधात मी विनोबांचे आयुष्य पुन्हा पहिल्यापासून वाचले. आज ते सांगणार आहे.

कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या रायगडमधले, गागोदे हे विनायक नरहर भावे यांचे गाव. जन्म 11 सप्टेंबर 1895 चा. आजोबा शंभुराव हे मोठे व्रतस्थ गृहस्थ. ते चांद्रायण करीत. चंद्राच्या कलेबरोबर एकेक घास वाढवायचा आणि एकेक घास कमी करायचा, अमावास्येला काहीच नाही. अन्न मोजून घेणे आणि मोजून सोडणे हे त्या घरातल्या मुलाने जाणते होण्याआधीच पाहिले होते. आई रुक्मिणीबाई भाविक, पण डोळस भाविक. घरात एक आंधळे वृद्ध होते, सारी मुले त्यांना काका म्हणत. ते वारल्यावर घरात सुतक कसे पाळले नाही, असे विनूने विचारले. तेव्हा आईने सांगितले की ते नात्याचे कोणीच नव्हते. इतकी वर्षे सांभाळलेला माणूस आपल्या रक्ताचा नव्हता, हे मुलाला तो गेल्यावर कळले. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. आजारी, परावलंबी माणसाला कोणी व किती दिवस सांभाळायचे, हा प्रश्नच त्या घरात कोणी काढला नव्हता.

वडिलांची नोकरी बडोद्याला. विनायक गणितात हुशार, पण शाळेच्या प्रमाणपत्रांवर त्याचा जीव नव्हता. ती त्याने एक दिवस आईदेखत चुलीत घातली. 1916 च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईची गाडी धरली आणि सुरतेला उतरून काशीची वाट धरली. तिथे गांधीजींच्या बनारसच्या भाषणाची बातमी वाचली, पत्रव्यवहार केला, आणि 7 जून 1916 रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दाखल झाला. पुढची बत्तीस वर्षे तो गांधीजींचाच राहिला.

1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई गेली. तारीख 24 ऑक्टोबर. आईवर अग्निसंस्कार आपणच करावेत, भटजी नको, असा विनोबांचा आग्रह होता. वडिलांना ते पटले नाही. तेव्हा मुलाने वाद न वाढवता स्मशानात जाण्याचेच नाकारले आणि घरी बसून पठण केले. ज्या आईवर जीव होता तिच्या चितेपाशी न जाणे हे आजच्या वाचकांना कठोर वाटेल. मलाही वाटते. पण मरणाच्या वेळी दुसऱ्याच्या मर्जीने काही करायचे नाही, हा त्यांचा हट्ट किती जुना होता, ते यावरून दिसते. पुढे 1947 मध्ये धुळ्याला वडील गेले, तेव्हा अस्थी नाशिकला गोदावरीत न नेता त्यांनी जमिनीत खड्डा करून मातीला दिल्या. रूढी मोडायची म्हणून नव्हे. माती आणि पाणी यांत त्यांना भेद दिसत नव्हता.

धुळ्याचा उल्लेख आला की 1932 चा तुरुंग आठवायलाच हवा. त्या वर्षी 21 फेब्रुवारीपासून दर रविवारी विनोबा कैद्यांना गीतेचा एकेक अध्याय सांगत होते आणि साने गुरुजी ते भराभर टिपून घेत होते. महाराष्ट्रातल्या किती घरांत ते 'गीता प्रवचने' नावाचे पुस्तक असेल! आमच्या घरातली प्रत अण्णांनी कापडात शिवून ठेवली होती. त्यातला आठवा अध्याय मरणावर आहे. प्रयाणसाधना असे विनोबांनी त्याला नाव दिले आहे. 10 एप्रिलच्या त्या रविवारी सदतीस वर्षांचाही नसलेला हा माणूस कैद्यांना सांगत होता की शेवटची घडी गोड व्हावी म्हणून साऱ्या आयुष्याने तयारी करायची असते. तो विचार टाळून, मन रमवून, तोंड फिरवून चालत नाही. झोप ही रोजची छोटी मृत्युयात्रा आहे असे ते मानत, आणि उतारवयात तर आपण रोज मरणाचा सराव करतो असे हसत सांगत.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती प्रवचने ज्या हातांनी टिपली त्या साने गुरुजींनी 11 जून 1950 रोजी, पन्नाशीत, आपले आयुष्य आपणच संपवले. देशाच्या निराशेने त्यांचे कोवळे मन पोखरले होते. दोघे एकाच तुरुंगात बसलेले, एकाच अध्यायात बुडालेले. पण त्यांची मरणे एका तराजूत घालता येत नाहीत. गुरुजींना जगायला कोणीतरी मदत करायला हवी होती, त्यांचे दुःख कोणीतरी अडवायला हवे होते, असे आजही वाचणाऱ्याला वाटते. माझ्या मराठवाड्यात, ज्या हिंगोली-परभणीच्या शिवारात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येतात तिथे, मरणाचा हक्क असा शब्द उच्चारताना जीभ अडखळते ती याचसाठी. कर्जाने, एकटेपणाने, निराशेने जो मरू पाहतो त्याला मरणाची नव्हे, जगण्याची मदत हवी असते. खरा पेच आहे तो दोहोंतला फरक ओळखायचा कसा, हा. जगभरचे कायदे त्यासाठीच अटी घालत बसले आहेत.

विनोबांच्या शरीराची कथा त्यांच्या विचारांइतकीच बोलकी आहे. 1938 मध्ये त्यांचे वजन 88 पौंडांवर आले. गांधीजींना काळजी वाटली. डॉक्टरांना दाखवा, हवापालटाला जा, असे त्यांनी सुचवले. विनोबांनी हवापालटासाठी वर्ध्याजवळचे पवनार निवडले. तिथे धाम नदीकाठी जमनालाल बजाजांचा बंगला होता. मोटारीतून नदीचा पूल ओलांडताना त्यांनी सगळ्या काळज्यांचा मनोमन संन्यास घेतला, आणि मग रोज थोडे थोडे खणू लागले. खणता खणता वजन वाढले. जमिनीत मूर्तीही सापडल्या. तेव्हा, शरीराचा तिटकारा असलेला हा साधू नव्हता. अन्नाचे माप, उष्मांक, झोपेचे तास यांचा हिशेब तो वाण्यासारखा ठेवी. शरीर हे औजार आहे, धार आहे तोवर ते नीट ठेवायचे, असा त्यांचा रोकडा हिशेब होता.

1940 मध्ये गांधीजींनी त्यांना पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडले, आणि तोवर फारसा कोणाला माहीत नसलेला हा माणूस देशाला कळला. पुढचे तुरुंगवास, स्वातंत्र्य, गांधीजींचा खून हे सर्व वाचकांना ठाऊक आहे. 1951 च्या मार्चमध्ये ते सेवाग्रामहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला संमेलनासाठी पायी निघाले, आणि तिथून तेलंगणात शिरले. आमचे औंढेही त्या वेळी हैदराबाद राज्यातच होते. 18 एप्रिलला पोचमपल्लीत हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी उभ्या उभ्या शंभर एकर देऊ केली. तिथून तेरा वर्षे विनोबा चालत राहिले. भूदानात मिळालेल्या जमिनीतली किती खरोखर वाटली गेली, किती नुसती कागदावर राहिली, किती खडकाळ निघाली यावर पुष्कळ लिहून झाले आहे; ते खोटेही नाही. पण पन्नाशी उलटलेला, पोटाचे दुखणे असलेला माणूस दही, दूध, मध एवढ्यावर रोज मैलोन्‌मैल चालतो, हे पाहणाऱ्यांचे डोळे अण्णांच्या पिढीला होते.

अण्णा त्यांना भेटले 1958 च्या मे महिन्यात, पंढरपूरच्या सर्वोदय संमेलनात. तेव्हा अण्णा तेवीस वर्षांचे, खादी भांडारात कामाला. विनोबांनी त्या वेळी इतर धर्मांच्या सोबत्यांसह विठ्ठलाचे दर्शन घेतले. पाच वर्षांपूर्वी वैद्यनाथधामला हरिजनांना घेऊन मंदिरात जाताना त्यांना मार बसला होता, कान कायमचा दुखावला होता. पंढरपुरात बडव्यांनी स्वतः बोलावले. आमच्या गावाला या गोष्टीचे विशेष वाटते. नामदेवांना देवळाच्या मागे जाऊन कीर्तन करायला लावले तेव्हा नागनाथाचे देऊळच फिरले आणि नंदी मागे राहिला, ही कथा औंढ्याच्या प्रत्येक मुलाला पाळण्यात ऐकायला मिळते. विसोबा खेचरांनी नामदेवांचे डोळे उघडले तेही याच देवळात. विनोबांनी पाचही संतांची भजने निवडून काढली, त्यात नामदेवांचे एक पुस्तक आहे. ज्ञानदेवांच्या समाधीचे वर्णन करणारे नामदेव ज्या मातीतले, त्या मातीतल्या माणसाला आपल्या पायांनी मरणाकडे चालत जाणे ही कल्पना परकी नाही. परकी आहे ती सलाईनची नळी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. विनोबांच्या आयुष्यात औषध नाकारण्याचा प्रसंग दोनदा आला. पहिला डिसेंबर 1952 मध्ये, बिहारमधल्या चांडिलला. घातक मलेरियाचा ताप चढला, आणि त्यांनी औषध घ्यायचे नाकारले. देशभर घबराट पसरली. बिहारच्या मुख्यमंत्र्यांसह अनेकांनी विनवण्या केल्या. शेवटी त्यांनी औषध घेतले आणि बरे झाले. माझा असा समज आहे की तेव्हा त्यांच्यापुढे काम होते, लोकांचा गलबला होता आणि सत्तावन्न वर्षांचे वय होते. त्यांच्या नकारालाही मोकळीक होती. मन बदलता येण्याइतकी. हे फार महत्त्वाचे आहे. ज्या देशांनी या विषयावर कायदे केले त्यांतल्या अनेक ठिकाणी एकदा मागून भागत नाही, पुन्हा मागावे लागते, ते यासाठीच. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात 1997 पासून असा कायदा चालू आहे. रोगी अठरा वर्षांवरचा, शुद्धीत, स्वतःचा निर्णय घेऊ शकणारा हवा. सहा महिन्यांत मृत्यू येईल असे दोन डॉक्टरांनी सांगितलेले हवे. तोंडी दोनदा आणि लेखी एकदा मागणी हवी. आणि औषध त्याने आपल्या हाताने घ्यायला हवे. नेदरलँड्सचा कायदा 2002 पासून अमलात आहे, कॅनडाचा 2016 पासून. कुठेही अट ढिली झाली की वाद पेटतो.

उपोषणाच्या बाबतीतही विनोबांकडे दोन निरनिराळे प्रकार दिसतात. 1979 च्या एप्रिलमध्ये गोहत्याबंदीसाठी त्यांनी प्राण पणाला लावले, आणि मोरारजीभाईंच्या आश्वासनानंतर पाचव्या दिवशी ते सोडले. त्या उपोषणामागे मागणी होती, समोर सरकार होते. त्यावर टीका करता येते आणि ती झालीही. आणीबाणीतल्या त्यांच्या मौनावर झाली तशीच. अण्णांनाही ते मौन कधी गिळता आले नाही. पण 1982 च्या नोव्हेंबरात मागणी कसलीच नव्हती. कोणी काही दिले असते तरी ते थांबले नसते.

5 नोव्हेंबरला त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय सत्त्याऐंशी. डॉक्टर धावले, उपचार सुरू झाले, प्रकृतीला थोडा उतारही पडला. आणि 8 तारखेच्या रात्रीपासून त्यांनी अन्न, पाणी, औषध तिन्ही बंद केले. कानांनी कमी ऐकू येई म्हणून लोक कागदावर लिहून विचारत. आश्रमातल्या भगिनी, डॉक्टर, सहकारी सगळ्यांनी विनवले. चांडिलला बदललेले मन या वेळी बदलले नाही. जैनांच्या संथाऱ्याची त्यांना ओळख होती. 'समणसुत्तं' हा जैन विचारांचा सारग्रंथ त्यांच्याच आग्रहाने 1974 मध्ये सिद्ध झाला होता. आठव्या दिवशी, महावीरांच्या निर्वाणाच्या तिथीलाच, सारे संपले. ब्रेझनेव्ह यांच्या अंत्यविधीसाठी मॉस्कोला गेलेल्या इंदिरा गांधी दौरा आवरता घेऊन आल्या, आणि धाम नदीच्या काठी चिता पेटली. पुढच्या वर्षी मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले.

त्या वेळी भारतीय दंडविधानात 309 कलम होते, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. विनोबांवर ते कोणी लावले नाही. सोळा वर्षांपूर्वी, 1966 च्या फेब्रुवारीत, सावरकरांनीही अन्न-औषध सोडून देह ठेवला होता. त्यांच्यावरही लावले नाही. सावरकरांनी तर आधीच लेख लिहून आत्महत्या आणि आत्मार्पण यांतला फरक मांडला होता. विनोबा आणि सावरकर! ज्यांचे आयुष्यात एकाही गोष्टीवर एकमत झाले नसते, त्यांनी शेवटची वाट मात्र एकच धरली. मोठ्यांना समाजाने ती मोकळी करून दिली. वाडीतल्या बाईला नाही. सतरा वर्षांच्या माझा राग अगदीच चुकीचा नव्हता.

कायद्याला मात्र यातून वाट काढायला फार वर्षे लागली. 1986 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंतांच्या निकालाने, 309 कलम घटनाबाह्य ठरवले. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच म्हटले. आणि 1996 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते पुन्हा उभे केले. मग अरुणा शानबागचे प्रकरण आले. 1973 च्या नोव्हेंबरात हल्ला झालेली केईएम रुग्णालयाची ती परिचारिका, सहकारी परिचारिकांनी बेचाळीस वर्षे लेकरासारखी जपलेली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचे अन्न थांबवायची परवानगी नाकारली, पण काही अटींवर उपचार थांबवता येतील हे मान्य केले. ती 18 मे 2015 रोजी निसर्गाने गेली. मला गागोद्याच्या त्या आंधळ्या काकांची आठवण इथे होते. रक्ताचे नाते नसलेल्या माणसांनीच तिला सोडायला नकार दिला होता.

शेवटी 9 मार्च 2018 रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि इच्छापत्राला, म्हणजे पुढे शुद्ध हरपल्यास कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. जीव घेणारे इंजेक्शन किंवा गोळी देणे आपल्याकडे आजही गुन्हाच आहे; ओरेगॉनसारखी मदत इथे कोणालाही मिळत नाही, कितीही आजार असो. मिळते ते एवढेच, की आशा नसलेल्या आजारात कृत्रिम उपचार लावू नयेत किंवा काढून घ्यावेत. 2018 ची पद्धत इतकी किचकट होती की ती कोणाला वापरता येईना. म्हणून जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ती सोपी केली. सज्ञान व शुद्धीतल्या माणसाने लिहायचे, दोन साक्षीदारांसमोर सही करायची, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित करायचे. आपल्या वतीने बोलणाऱ्या नातेवाइकांची नावे घालायची. वेळ आली की रुग्णालयात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ पाहणार, मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि दुसरे दोन तज्ज्ञ पाहणार. प्रत्येक मंडळाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचे. मग दंडाधिकाऱ्यांना कळवायचे. मतभेद झाला तर उच्च न्यायालय. कागदाची प्रत गावच्या स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची. महाराष्ट्रात हे अधिकारी नेमले जावेत म्हणून डॉ. निखिल दातार यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले.

वाचायला हे सोपे आहे. मुंबई-पुण्यात करायलाही कदाचित असेल. ज्या तालुक्यात रात्री एक डॉक्टर मिळणे नशिबाचे, तिथे पाच वर्षांच्या अनुभवाचे तज्ज्ञ दोनदा जमवायचे म्हणजे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि विनोबा? ते यातल्या कुठल्या रकान्यात बसले असते? मी खूप विचार केला. ओरेगॉनच्या रकान्यात नाही. त्यांनी कोणाकडे काही मागितलेच नाही. इच्छापत्राच्या रकान्यात नाही. ते शुद्धीवर होते. शुद्धीवर असलेला सज्ञान माणूस औषध नाकारू शकतो, त्याला कोणतेही मंडळ लागत नाही, हे आता न्यायालयाने स्पष्ट केले आहे. तेवढे त्यांना लागू झाले असते. पण पाण्याचे काय? संथारा म्हणजे आत्महत्याच, असा निकाल राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे विनोबांचे मरण कायद्याच्या उंबऱ्यावरच उभे आहे, आत ना बाहेर.

अण्णांचे आजारपण 2019 च्या उन्हाळ्यातले. अन्ननलिकेचा कॅन्सर, वय चौऱ्याऐंशी. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात पोटात नळी घालायची ठरली. अण्णांनी हाताने खूण करून नको म्हटले आणि पाटीवर घर एवढेच लिहिले. दादा, माझे थोरले भाऊ, पुण्याहून आले होते. बापाला उपाशी मारणार का, लोक काय म्हणतील, असे ते कॉरिडॉरमध्ये मोठ्याने म्हणाले. मला विनोबा सांगता आले नाहीत. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत, अशा कागदावर मी सही केली आणि दादांनी केली नाही.

अण्णा घरी एकोणीस दिवस होते. पाणी चमच्याने, पुढे तेही नाही. पवनारचे आठ दिवस मी मनात किती सुंदर करून ठेवले होते ते त्या एकोणीस दिवसांत कळले. वेदना होत्या. 2014 मध्ये कायदा बदलून मॉर्फिन मिळणे सोपे झाले आहे असे वाचले होते. आमच्यापर्यंत ते पोचले नाही. शेवटच्या चार रात्री मी आणि माझी पत्नी आळीपाळीने त्यांचे पाय चेपत होतो, दुसरे काही हाती नव्हते. विनोबांजवळ डॉक्टर होते, सेवेला भगिनी होत्या, आणि तयारीची पन्नास वर्षे होती. अण्णांजवळ तयारी होती, बाकीचे नव्हते. नकाराचा हक्क आणि वेदनेवरचे औषध या दोन्ही गोष्टी बरोबर हव्यात. पहिली अण्णांनी स्वतः मिळवली. दुसरी मला देता आली नाही, आणि ते मला अजून बोचते.

दादा दहाव्यालाच परत गेले. त्यानंतर महाशिवरात्रीला ते येत, नागनाथाच्या तळघरातल्या पिंडीचे दर्शन घेत, आणि माझ्याशी हवापाण्याचे बोलत.

गेल्या वर्षी मी माझे इच्छापत्र लिहायला घेतले. चार ओळींचा मजकूर लिहायला तीन आठवडे लागले. वेदना कमी करणारे औषध मात्र द्यावे, हे वाक्य मी वकिलांनी काढले तरी पुन्हा घातले. माझ्या वतीने बोलणारी म्हणून मुलीचे नाव लिहिले. एक साक्षीदार शाळेतले जुने सहकारी झाले. दुसरा साक्षीदार मिळेना. गावात जो तो विषय काढला की देवाचे नाव घेऊन उठे. शिवरात्रीला दादा आले तेव्हा कागद टेबलावर पडला होता. त्यांनी तो उभ्याने वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मग पुणे-औंढ्याच्या गाड्यांबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालुक्याला जायला निघालो तेव्हा ते चपला घालून दारात उभे होते.

नोटरीने कागद वाचून मला काय आजार आहे असे विचारले. काही नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे, मग दादांकडे पाहिले. दादांनी खिशातून आपले पेन काढले.